जाम झालेले इंजिन आणि वीस मिलिलिटर तेल

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड परिसरातील नारळी-पोफळीच्या अनेक वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांवर कोसळलेली खोडे हटविण्यासाठी, रस्ते मोकळे करण्यासाठी आणि वाडीत पाऊल टाकण्यापुरती वाट काढण्यासाठी त्या दिवसांत एका यंत्राची निकड सर्वांनाच भासली. ते यंत्र म्हणजे पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत, अर्थात चेनसॉ. गावाकडे तिला नुसतेच 'कटर' म्हणतात. ज्याच्याकडे चालू स्थितीतील कटर असतो, त्याला अशा वेळी उसंत मिळत नाही. आणि नेमक्या अशाच वेळी कटर बंद पडतो. दोरी ओढावी तर ती जागची हलत नाही. इंजिन जाम झालेले असते.

कर्ज काढून कटर घेतलेल्या आणि त्यावरच रोजची कमाई असलेल्या माणसासाठी ही केवळ तांत्रिक अडचण नसते. काम हातचे जाते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच इंजिन का जाम होते, हे यंत्र विकत घेतानाच समजून घेणे हिताचे ठरते.

मोटारीच्या किंवा हल्लीच्या मोटारसायकलीच्या इंजिनात तेलाचा स्वतंत्र साठा असतो. टू-स्ट्रोक इंजिनात तो नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच क्रँक, बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडरपर्यंत पोहोचते, आपले काम करते आणि जळून बाहेर पडते. जुन्या स्कूटरवाल्यांना पेट्रोल पंपावरील तेलाचे माप आठवत असेल. तत्त्व तेच आहे. फरक वेगाचा आहे. कटरचे इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेऊ शकते, म्हणजे सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा पिस्टन वर-खाली होतो. तोही पाण्याने नव्हे, तर केवळ पंख्याच्या वाऱ्याने थंड होणाऱ्या सिलिंडरात. तेलाचा पातळ थर तुटला की पिस्टनचे ॲल्युमिनियम तापून फुगते, सिलिंडरच्या भिंतीला घासते, तेथेच चिकटते आणि इंजिन थांबते.

यासाठी लागणारे तेल किती, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. ५०:१ या प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, ४०:१ साठी २५ मिलिलिटर आणि २५:१ साठी ४० मिलिलिटर तेल पुरते. आपल्या यंत्राचे प्रमाण कोणते, हे पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळ दिलेले असते. शेजाऱ्याच्या यंत्राचे प्रमाण आपल्याला लागू होईलच असे नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाजे तेल ओतण्याची सवय मात्र सर्वत्र आढळते. औषधाच्या दुकानात मिळणारे खुणांचे मापपात्र या कामी उत्तम. 'थोडे जास्तच टाकलेले बरे' हा समजही तपासून घ्यावा. जादा तेलाने प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते आणि पिस्टनच्या रिंगा खाचेत अडकू लागतात. शिवाय तेवढे पेट्रोल कमी झाल्याने मिश्रण किंचित विरळ होते, ते वेगळेच.

तेल कोणते घ्यावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. डब्यावर 'टू-टी' एवढेच लिहिलेले असणे पुरेसे नाही. जपानमधील 'जासो' या मानक संस्थेने अशा तेलांचे एफबी, एफसी आणि एफडी असे दर्जे ठरविले आहेत. एफसी दर्जाच्या तेलाचा धूर कमी असतो. एफडी त्याखेरीज इंजिन अधिक स्वच्छ राखते. रोज तासन्‌तास चालणाऱ्या कटरसाठी एफडी घेणेच शहाणपणाचे, कारण तेल इतके थोडे लागते की किमतीतील फरक एका दिवसाच्या कामात जाणवतही नाही. चारचाकीचे किंवा ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल यात कदापि घालू नये. ते जळण्यासाठी बनविलेले नसते आणि त्यातील धातुयुक्त घटक राखेच्या रूपाने मागे राहतात.

किनारपट्टीवर आणखी एक गफलत होते. होड्यांच्या आउटबोर्ड यंत्रांसाठीचे 'टीसी-डब्ल्यू३' दर्जाचे तेल बंदरांच्या गावी सहज मिळते. तेही टू-स्ट्रोकचेच असल्याने कटरमध्ये ओतले जाते. वस्तुतः ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी तयार केलेले असते. हवेवर थंड होणाऱ्या कटरच्या सिलिंडरातील उष्णतेला ते पुरे पडत नाही. होडीचे तेल होडीलाच ठेवावे. त्याचप्रमाणे साखळी आणि पट्टीसाठीचे तेल निराळे. त्याची टाकीही निराळी असते. घाईत दोन्हींची अदलाबदल झाल्याने बिघडलेली यंत्रे दुरुस्तीच्या दुकानांत कमी नसतात.

अलीकडच्या काळात पेट्रोलही बदलले आहे. देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विकले जाऊ लागले आहे, तर कटरच्या अनेक उत्पादकांनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला अनुमती दिलेली आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन आठवडेच्या आठवडे पडून राहिला, तर पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसू शकतो. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील नळी इंधन ओढते ती तळातूनच. म्हणजे तेलाचे माप अचूक असूनही इंजिन कोरडे चालते! यासाठी मिश्रण थोडेच करावे, महिन्याच्या आत संपवावे आणि जुने मिश्रण वापरण्यापूर्वी पारदर्शक बाटलीत घेऊन त्यात दोन थर दिसतात का, ते पाहावे. पेट्रोलमध्ये इथेनॉल अधिक असल्यास मिश्रण विरळही होते. तेव्हा कार्बोरेटरची जुळणी मेकॅनिककडून तपासून घेणे इष्ट.

एवढे करूनही दोरी अडकलीच, तर इंजिन जामच झाले आहे असे लगेच मानू नये. प्रथम प्लग काढावा. सिलिंडरात पेट्रोल भरल्याने पिस्टन अडला असेल, तर तो मोकळा होतो. नंतर दोरीचे झाकण उतरवून चक्र हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले, तर दोष दोरीच्या यंत्रणेत आहे आणि दुरुस्ती किरकोळ आहे. फिरले नाही, तर सायलेन्सर काढून आतील पिस्टन विजेरीच्या उजेडात न्याहाळावा. सायलेन्सरकडील बाजूस उभे ओरखडे असतील, तर तेलाची कमतरता किंवा विरळ मिश्रण हे कारण संभवते. कार्बोरेटरकडील बाजू झिजून निस्तेज झाली असेल, तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. नारळाचे चिवट खोड बोथट साखळीने कापताना भुश्याऐवजी बारीक पीठ उडते. ते फिल्टरात आणि सिलिंडरच्या पंखांत बसते आणि इंजिन अधिकच तापते.

अडकलेल्या पिस्टनवर हातोडा चालविणे हा सर्वांत महागडा उपाय होय. त्याने कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग दोन्ही जायबंदी होतात. प्लगच्या भोकातून गंज सोडविणारे तेल सोडून रात्रभर वाट पाहावी. तरीही न सुटल्यास बोल्ट काढून सिलिंडर हलकेच वर घ्यावा. स्कूटरचा बिडाचा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसविता येत असे. कटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडराला आतून क्रोमियम किंवा निकेलचा कठीण मुलामा असतो, त्यामुळे येथे ती सोय नाही. भिंतीवर चिकटलेले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढता येते. मात्र हे काम हातमोजे आणि चष्मा घालून, अनुभवी मेकॅनिकनेच करावे, कारण मुलामा जेथे उडाला असेल तेथे सोडा सिलिंडरालाही खातो. साफ केल्यावर भिंतीवरून नख फिरवावे. नख अडले नाही, तर तोच सिलिंडर नव्या पिस्टन-रिंगसह चालतो. अडले, तर सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बदलावे लागतात.

दुरुस्तीचे खरे मर्म येथून पुढे आहे. पेट्रोलची नळी तडकली आहे का, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधील रबर फाटले आहे का, क्रँकचे सील गळते का, हे न पाहता केवळ नवा पिस्टन बसविला, तर तोही फार दिवस टिकत नाही. खर्च दुप्पट होतो आणि दोष उगाचच सुट्या भागाच्या माथी मारला जातो. मेकॅनिककडून जुना पिस्टन मागून घ्यावा आणि तो का जाम झाला, हे त्याला विचारावे. शेतकरी खातेदारांच्या बाबतीत किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरविताना शेतीसाधनांच्या दुरुस्ती व देखभालीच्या खर्चाचाही विचार केला जातो. ही बाब अनेक खातेदारांच्या ध्यानात नसते. शाखेत त्याविषयी अवश्य विचारणा करावी.

नवा पिस्टन बसल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्या इंजिनाला सांभाळून घ्यावे. लाकूड न कापता पूर्ण वेगात रेस देऊ नये आणि मोठा काप झाल्यावर लगेच बंद न करता अर्धा मिनिट हळू चालू द्यावे, म्हणजे सिलिंडरातील उष्णता पंख्याच्या वाऱ्याने निघून जाते. पुढे काम नसलेल्या महिन्यांसाठी कटर ठेवून देताना टाकी रिकामी करावी, कार्बोरेटरमधील उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालवावे आणि यंत्र कोरड्या जागी उंचावर ठेवावे.