उभ्या गाडीची ‘रेस’ का चढते?

गाडी उभी आहे, चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही. तरीही इंजिन घोंघावते आहे. गॅरेजच्या भाषेत ‘रेस चढली’. पुष्कळदा कार्ब्युरेटरचा एक स्क्रू सैल करून ते शांत केले जाते. पण ताप उतरला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. तो शोधायला आपले पदार्थविज्ञान उपयोगी पडते.

उदाहरणासाठी कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईतील तिच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. हौशी लोकांनी मात्र ही गाडी जपली आहे. इंजिन मंद चालताना कार्ब्युरेटरमधील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. तिच्या पलीकडे दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक-तृतीयांश असतो. या ओढीने फटीतून हवा आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आत येते.

आता थोडे गणित करू. चार सिलिंडरांचे मिळून आकारमान १०८९ घन सेंटिमीटर. दोन फेऱ्यांत ते एकदा भरतात. मिनिटाला ८०० फेरे धरले, तर ४०० वेळा, म्हणजे सुमारे ४३६ लिटर. पण आत दाब एक-तृतीयांशच. म्हणून बाहेरची हवा लागते सुमारे १४५ लिटर. दाबांतील एवढ्या फरकामुळे फटीत हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो! त्यामुळे सारी मिळून जेमतेम १२ चौरस मिलिमीटरची फट पुरते. कोठे २ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले, तर त्याचे क्षेत्रफळ ३ चौरस मिलिमीटर. म्हणजे हवेत सुमारे पाव हिश्श्याची भर!

तेव्हा प्रश्न एकच : जादा हवा येते कोठून? एका वेळी एकच गोष्ट तपासावी. अ‍ॅक्सिलरेटरची तार सोडताच रेस उतरली, तर तार अडकली आहे. चोक पुरता आत गेला आहे ना, ते पाहावे. ओढलेला चोक थ्रॉटलही किंचित उघडा ठेवतो. मग रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग. परभणीच्या उन्हाळ्यात आणि इंजिनाच्या धगीत जुने रबर कडक होऊन तडकते. सांध्यावर पाण्याचे थेंब सोडताच इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तेथेच. गळती लहान असेल तर रेस चढते. मोठी असेल तर पेट्रोलच्या मानाने हवा फार होऊन इंजिन अडखळते. थ्रॉटलचा झिजलेला दांडा आणि ठिणगीची चुकलेली वेळ यांची तपासणी त्यानंतर. स्क्रूला हात सर्वांत शेवटी!

ही तपासणी जाणत्या मिस्तरीबरोबर आणि उघड्या जागेतच करावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो. पाण्याऐवजी पेट्रोल तर कधीच वापरू नये.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. भोकाचा व्यास ४ मिलिमीटर असेल, तर किती हवा जादा येईल? उत्तर ‘दुप्पट’ नाही. गणित करून पाहा.