नाण्यांची प्रतवारी व प्रतांकित नाण्यांचा संग्रह

नाण्याचा अस्सलपणा व त्याची जतनावस्था तज्ज्ञांनी पारखून तिचा दर्जा अंकाने निश्चित करणे म्हणजे नाण्याची प्रतवारी होय. असा अंक मिळालेल्या व पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायम बंद केलेल्या नाण्यास प्रतांकित नाणे म्हणता येईल. संग्राहकांच्या बोलीत या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. ही पद्धती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली आणि इंटरनेटवरील लिलावांमुळे जगभर पसरली. प्रत्यक्ष न पाहिलेले नाणे दूरच्या, अपरिचित विक्रेत्याकडून विकत घेणे तिच्यामुळे शक्य झाले. तथापि पूर्वी नाण्यावर ठेवावयाचा विश्वास आता डबीवरील चिठ्ठीवर ठेवला जातो. या पद्धतीचे लाभ आणि धोके दोन्ही या एकाच बदलातून उद्‌भवतात.

पूर्वपीठिका : नाणे पारखून घेण्याची प्रथा प्राचीन आहे. मोगलकालीन अनेक रुपयांवर सराफांनी मारलेल्या लहान खुणा आढळतात. मराठेशाहीत नाण्यांची पारख पोतदार करीत व झिजलेल्या किंवा हलक्या नाण्यावर बट्टा आकारला जाई. चीनमधील व्यापारी हाती आलेल्या रौप्य डॉलरवर आपल्या पेढीची मुद्रा उमटवीत. या सर्व पारखींचा विषय धातूचा कस व वजन हा होता. संग्राहकाची पारख याहून वेगळी असते. वजन व कस समान असलेल्या दोन नाण्यांपैकी एक चलनात झिजलेले व दुसरे टाकसाळीतून आले तसेच राहिलेले असेल, तर त्यांच्या किंमतींत शेकडो पटींचाही फरक पडू शकतो. हा फरक व्यक्त करण्यासाठी पूर्वी ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘अत्युत्तम’ अशी विशेषणे वापरली जात; परंतु विक्रेत्याचे ‘उत्तम’ व ग्राहकाचे ‘उत्तम’ यांत मेळ बसणे अवघड असे.

शेल्डन मापनश्रेणी : अंकात्मक प्रतवारीचा पाया विल्यम हर्बर्ट शेल्डन (१८९८–१९७७) यांनी घातला. शरीरयष्टी व व्यक्तिमत्त्व यांच्या परस्परसंबंधाविषयीच्या उपपत्तीमुळे मानसशास्त्रात परिचित असलेले शेल्डन हे प्रारंभीच्या अमेरिकन तांब्याच्या सेंटचे संग्राहक होते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सेंटविषयीच्या ग्रंथात त्यांनी १ ते ७० अंकांची श्रेणी मांडली. तिच्या मुळाशी किंमतीचा हिशेब होता. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याचे मूल्य १ डॉलर धरल्यास त्याच प्रकारच्या निर्दोष नाण्याचे मूल्य ७० डॉलर व्हावे, अशी ती कल्पना होती. बाजारभाव बदलल्यामुळे हे गणित लवकरच निरुपयोगी ठरले. अंक मात्र टिकून राहिले आणि पुढे सर्व प्रकारच्या नाण्यांना लावले जाऊ लागले.

प्रचलित रीतीनुसार १ ते ५८ पर्यंतचे ठराविक अंक चलनातील झिजेच्या उतरत्या प्रमाणानुसार दिले जातात. ६० ते ७० हे ११ अंक चलनात न आलेल्या, म्हणजे टाकसाळी अवस्थेतील नाण्यांसाठी राखलेले असतात. या अवस्थेत झीज नसल्यामुळे पृष्ठभागावरील ओरखडे, ठशाचा उठाव, मूळ झळाळी व एकूण दर्शनीयता यांवरून अंक ठरतो. खास संग्राहकांसाठी पाडलेल्या प्रूफ नाण्यांचे अंक वेगळ्या अक्षरांनी दर्शवितात. तांब्याच्या नाण्यांच्या बाबतीत मूळ तांबूस रंग कितपत उरला आहे, हेही नमूद करतात. घासून स्वच्छ केलेल्या, खरवडलेल्या वा दुरुस्त केलेल्या नाण्याला बहुधा अंक न देता केवळ दोषाचा उल्लेख केला जातो. ६४ व ६५ यांमधील भेद हा अखेर अनुभवी डोळ्यांनी केलेला निवाडा असतो. तेच नाणे दुसऱ्यांदा पाठविल्यास अंक बदलल्याची उदाहरणे यामुळेच घडतात.

मोहोरबंद डबी व दूरस्थ खरेदी : अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या १८९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९७२ मध्ये नाण्यांच्या अस्सलपणाची तपासणी व १९७९ मध्ये प्रतवारी सुरू केली. तिचे प्रमाणपत्र छायाचित्रासह, परंतु नाण्यापासून अलग असे. ही उणीव १९८५ मध्ये स्थापन झालेल्या प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस (पीसीजीएस) व १९८७ मध्ये स्थापन झालेल्या न्युमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन (एनजीसी) या व्यावसायिक संस्थांनी दूर केली. नाणे व चिठ्ठी एकाच डबीत ठेवून ती कायमची बंद करणे आणि आपल्या निर्णयाची आर्थिक हमी देणे, ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

यामुळे नाणे न पाहता केवळ अंकावरून सौदे होऊ लागले. नाणे ही रोख्यासारखी गुंतवणूक आहे असा समज पसरला व भांडवलबाजारातील पैसा या व्यापारात आला. १९८९ मध्ये भाव शिखरास पोहोचले आणि पुढील काळात ते वेगाने कोसळले. एकोणिसाव्या शतकातील रुप्याच्या मॉर्गन डॉलरची विपुल उपलब्ध असणारी, परंतु उच्च अंकाची नाणी चढ्या भावाने घेतलेल्यांस मोठा तोटा सोसावा लागला. अंकामुळे नाण्याची अवस्था कळते. त्याची मागणी टिकेल की नाही, हे अंक सांगू शकत नाही, हा या घटनेचा बोध होय. १९९५ मध्ये ईबे हे लिलावस्थळ सुरू झाले व दूरस्थ खरेदी व्यापाऱ्यांपुरती न राहता सामान्य संग्राहकाच्या घरापर्यंत आली.

संग्रहाचा आनंद : पूर्वी लहान गावातील संग्राहकास वर्षाकाठी एखाद्या प्रदर्शनात जी नाणी पहावयास मिळत, ती आता विवर्धित छायाचित्रांच्या रूपाने घरबसल्या पाहता येतात. पूर्वीच्या लिलावांतील किंमती ताडून पाहता येतात व एखाद्या वर्षाची, एखाद्या टाकसाळीची किती नाणी कोणत्या अंकास पोहोचली आहेत, याची प्रतवारी-संस्थांनी प्रसिद्ध केलेली गणना अभ्यासता येते. मॉर्गन डॉलर (१८७८–१९०४ व १९२१) हे या अभ्यासाचे उत्तम उदाहरण आहे. १९१८ च्या पिटमन अधिनियमानुसार सु. २७ कोटी रौप्य डॉलर वितळविण्यात आले; उरलेल्यांपैकी पुष्कळसे अनेक दशके कोषागारांतील थैल्यांत पडून राहिले. त्यामुळे टाकसाळीने पाडलेली संख्या व आज उपलब्ध असणारी संख्या यांचा मेळ बसत नाही. थैलीच्या कापडाशी दीर्घकाळ संबंध आल्याने काही डॉलरांवर निळ्या, तांबूस व सोनेरी छटा चढल्या आहेत. प्रकाशात नाणे फिरविले असता चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरणारी मूळ झळाळी व ही नैसर्गिक छटा यांत संग्राहकाला विशेष आनंद वाटतो. एका मालिकेची सर्व वर्षे समान दर्जात जुळविणे, किंवा मर्यादित खर्चात ५५–५८ अंकांची, जवळजवळ नवी वाटणारी नाणी निवडणे, यांतही रसिकतेला वाव असतो.

खरेदीतील धोके : पहिला धोका बनावट नाण्याचा व नाण्यावरील फेरफाराचा होय. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीत पाडलेल्या, शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे असलेल्या लिंकन सेंटची संख्या अवघी ४,८४,००० होती. फिलाडेल्फियात पाडलेले तसेच सेंट मात्र सु. २ कोटी ८० लक्ष होते. त्यामुळे साध्या सेंटवर ‘एस’ हे टाकसाळचिन्ह चिकटवून तो दुर्मिळ म्हणून विकण्याचे प्रकार झाले. नाणी मोहोरबंद करण्यामागे अशा लबाडीला आळा घालणे हा मुख्य हेतू होता. परंतु २००८ च्या सुमारास खुद्द डब्या व चिठ्ठ्या यांच्या हुबेहूब नकला बाजारात आल्या. अशा नकलेवर खऱ्या नाण्याचा नोंदणीक्रमांकही छापलेला असू शकतो. म्हणून तो क्रमांक संस्थेच्या नोंदीत सापडणे पुरेसे नाही. नोंदीतील छायाचित्राशी हाती आलेल्या नाण्यावरील ओरखडे, डाग व छटा जुळल्या पाहिजेत. छायाचित्रांची ही उपयुक्तता शेल्डन यांच्याच उदाहरणावरून दिसून येते. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी त्यांनी निकृष्ट सेंट ठेवल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले, ते जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यामुळेच.

दुसरा धोका नावापुरत्या प्रतवारीचा आहे. कोणीही संस्था स्थापून डब्यांवर उच्च अंक छापू शकतो. म्हणून अंकाइतकेच तो देणाऱ्या संस्थेच्या हमीला महत्त्व असते. तिसरा धोका अंकाअंकांतील किंमतीच्या उडीचा. काही नाण्यांच्या बाबतीत एका अंकाने किंमत अनेक पट वाढते. अशा ठिकाणी कमी अंकाची नाणी डबी फोडून वारंवार पाठविली जातात व कधीतरी वरचा अंक मिळतो. जुन्या चिठ्ठ्या परत न केल्यास संस्थेच्या गणनेत एकच नाणे अनेकदा मोजले जाते. एकाच अंकाची सर्व नाणी सारखी नसतात, हे ओळखूनच २००७ मध्ये सर्टिफाइड ॲक्सेप्टन्स कॉर्पोरेशन (सीएसी) ही संस्था निघाली. आधीच प्रतांकित असलेल्या नाण्यांपैकी आपल्या अंकास खरोखर पात्र वाटणाऱ्या नाण्यांच्या डबीवर ती हिरवी खूण लावते. चिठ्ठीची पारख करण्यासाठी दुसऱ्या चिठ्ठीची गरज भासावी, यातच अंकाची मर्यादा स्पष्ट होते.

आधुनिक नाण्यांचा धोका निराळा आहे. लक्षावधींनी पाडलेल्या नव्या नाण्यांतून ७० अंकाची मोजकीच नाणी आरंभी निवडली जातात व ती दुर्मिळ भासतात. पुढे अधिकाधिक नाणी प्रतवारीस येतात व ही दुर्मिळता विरते. याखेरीज छायाचित्रकाराने प्रकाशाचा कोन बदलल्यास सूक्ष्म ओरखडे लपतात, विक्रेत्याचे साथीदार खोट्या बोली लावतात आणि अंतिम बोलीवर लिलावसंस्थेचे अधिमूल्य, टपालखर्च व आयातशुल्क चढते. डबी संपूर्णपणे हवाबंद नसते; दमट हवेत तांब्याच्या नाण्यांवर डाग पडू शकतात.

अमेरिकेत १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन अधिनियमान्वये नाण्यांच्या प्रतिकृतींवर ‘कॉपी’ हा शब्द उमटविणे बंधनकारक झाले. २०१४ च्या दुरुस्तीने अशा विक्रीस साहाय्य करणारेही कायद्याच्या कक्षेत आले. परदेशातील विक्रेत्याविरुद्ध या तरतुदींचा उपयोग करणे सामान्य ग्राहकास कठीणच असते.

भारतीय संदर्भ : ब्रिटिशकालीन भारतीय नाणीही आता प्रतांकित स्वरूपात विकली जातात. मुंबईच्या टाकसाळीत पाडलेला ब्रिटिश व्यापारी डॉलर (१८९५–१९३५) हा त्यांचा निकटचा आप्त होय. पूर्व आशियातील व्यापारासाठी पाडलेल्या सु. २६.९५ ग्रॅम वजनाच्या व ९० टक्के रुपे असलेल्या या डॉलरवरील ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर मुंबईचे ‘बी’ हे चिन्ह असते. त्याच्या नकला विपुल आहेत. कित्येक वजनानेच उघड्या पडतात. भारतीय संग्राहकाने कायद्याचेही भान ठेवणे अगत्याचे आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठविता येत नाही. प्रतवारीसाठी परदेशी पाठविणे याला अपवाद नाही. जुनी नाणी भरमसाट किंमतीस विकत घेण्याचे आमिष दाखवून आधी शुल्क वा कर उकळण्याचे प्रकारही घडतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचे भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

पारखीची रीत : खरेदीपूर्वी त्या मालिकेची अस्सल नाणी संग्रहालयात वा प्रदर्शनात हाती वा डोळ्यांखाली घालणे, झीज प्रथम कोणत्या उंचवट्यावर दिसते हे शिकणे, नोंदणीक्रमांक व छायाचित्र दोन्ही पडताळणे, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किंमती पाहणे, सर्व आकार धरून बोलीची मर्यादा आधीच ठरविणे व परतीची अट असलेल्या विक्रेत्याकडूनच घेणे, ही सावधगिरी उपयुक्त ठरते. बाजारभावाच्या निम्म्याने देऊ केलेले प्रतांकित नाणे संशयास्पद मानावे. चिठ्ठीने निवाड्यास आधार मिळतो. नाण्याचे ज्ञान मात्र संग्राहकाला स्वतःच मिळवावे लागते. ते ज्याच्यापाशी आहे, त्याचा तोटा मर्यादित राहतो व भाव उतरले तरी संग्रहाचा आनंद उणावत नाही.