धूर कुठे आहे हे पॅनेलला कसे कळते?

१४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्या भागात त्या दिवशी सगळ्यांची पावले आंबेडकर जयंतीसाठी महूकडे वळतात, त्यामुळे हा दुसरा दिवस फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजात आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही. गोदीवरचा एक बंबवाला कंट्रोल रूमला फोन करायला धावला, तर फोनला डायलच नव्हती. मग त्याने जवळच्या फायर अलार्मच्या पेटीची काच फोडली. पेटीने आपले काम चोख केले, कंट्रोल रूमला जागा कळली. पण जागेपलीकडे पेटीला काही सांगता येत नव्हते. स्फोटकांचे जहाज पेटले आहे हे न कळल्याने आधी दोनच पंप निघाले. जास्तीचे पंप नंतर आले. चारच्या सुमारास जहाज फुटले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

अशा पेट्यांची कल्पना अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली, १८५२ सालची. रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीला एक क्रमांक असे. पेटी ओढली की तारेवरून तेवढेच ठोके जात आणि ठाण्यातला माणूस यादीत बघून म्हणे, 'अमुक चौक'. तारेवरून चौकाचे नाव जात नसे, आकडा जाई. आजही मूळ गोष्ट तीच आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

आता मोठ्या इमारतीत छतावर दिसणाऱ्या गोल पांढऱ्या डब्या पाहू. त्या म्हणजे स्मोक डिटेक्टर. जुन्या, साध्या पद्धतीत बरेच डिटेक्टर एकाच तारेच्या जोडीवर असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून एक 'झोन' होतो. एकाला जरी धूर लागला तरी पॅनेलवर झोनचा लाल दिवा लागतो. दुसरा मजला एवढे कळते, खोली शोधावी लागते. धुराने भरलेल्या मजल्यावर खोल्या शोधत फिरणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

नव्या पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो. सगळे एका तारेच्या वेढ्यावर, म्हणजे 'लूप'वर, बसवलेले असतात आणि तार पॅनेलकडून निघून पुन्हा पॅनेललाच येते. एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने बोलणे चालू राहते. पॅनेल वर्गशिक्षकांसारखे सतत हजेरी घेते: एक? हजर. दोन? हजर. सत्तावीस? धूर! काही बनावटींत हा पत्ता सात छोट्या खटक्यांनी ठरवतात. त्यांची किंमत १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४. २७ हवे असतील तर १६, ८, २ आणि १ हे खटके चालू ठेवायचे. गणिताच्या तासाला द्विमान पद्धती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्यांनी एकदा ही डबी उलटून पाहावी.

२७ म्हणजे कुठली खोली, हे त्या डबीला माहीत नसते. '२७ – पहिला मजला, औषधभांडार' ही ओळ बसवणाऱ्या माणसाने पॅनेलमध्ये लिहून ठेवलेली असते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही बातमी इमारतीच्या स्वतःच्या कंट्रोल रूमपर्यंतच जाते. पुढे माणूस १०१ किंवा ११२ फिरवतो. अमेरिका-युरोपात पॅनेल दूरच्या निगराणी केंद्राला स्वतःच कळवते, आणि आपल्याकडे काही बँका व एटीएम अशा केंद्रांना जोडलेली आहेत. त्यासाठी जगभर चालणारी एक जुनी पद्धत फोनच्या लाइनवर फक्त सोळा आकडे पाठवते. उदाहरणार्थ १२३४ १८ १ १११ ०१ ०२७ ७. यातले १२३४ म्हणजे कोणती इमारत. १८ ही या पद्धतीची खूण. पुढचा १ म्हणजे नवी घटना (तीच मिटली की ३). १११ म्हणजे धूर, ०१ हा विभाग आणि ०२७ ही जागा. शेवटचा ७ हा ताळा. सगळे आकडे मिळवा, शून्याला दहा धरा, बेरीज ६० येते. तिला १५ ने पूर्ण भाग जातो. भाग गेला नाही तर वाटेत आकडा बिघडला असे समजून केंद्र तो संदेश स्वीकारत नाही आणि पॅनेल पुन्हा पाठवते.

म्हणजे केंद्राकडेही नाव जात नाही, ०२७ जाते. नावांची यादी तिथे वेगळी ठेवलेली असते. खरा घोळ इथेच होतो. औषधभांडाराची भिंत पाडून तिथे वॉर्ड केला, पॅनेलवरची ओळ बदलली, पण केंद्राची यादी जुनीच राहिली, तर पाच मिनिटांत आलेला बंबही चुकीच्या दाराशी उभा राहील. काही ठिकाणी पॅनेलला खोलीपर्यंत सगळे कळते, पण पुढे जाताना नुसते 'आग' एवढेच जाते, कारण जोडणी करताना प्रत्येक पत्त्याला केंद्रासाठीचा आकडा देण्याचा कंटाळा केलेला असतो. माझ्या मते यंत्र बंद असण्यापेक्षाही हे वाईट. बंद यंत्रावर निदान कोणी विसंबत नाही.

पिथमपूर आपल्याच धार जिल्ह्यात आहे. तिरला-धारकडच्या ज्या पालकांची नोकरी तिथल्या कारखान्यांत आहे त्यांना हे तपासणे अवघड नाही. एकाने डिटेक्टरखाली चाचणीचा धूर धरायचा, दुसऱ्याने पॅनेलसमोर उभे राहून आलेली ओळ मोठ्याने वाचायची, आणि बाहेर केंद्राशी जोडणी असेल तर तिसऱ्याने केंद्राला फोन लावून विचारायचे, 'तुमच्याकडे काय दिसते?' केंद्राला आधी कळवून ठेवायचे, नाहीतर बंब यायचा. तिन्ही उत्तरे एकच आली पाहिजेत. भिंत हलली, खोलीचे नाव बदलले, की ही चाचणी पुन्हा.