ट्रॅक्टरच्या गिअरपेटींतील तेल

एंजिनाचें तेल आमचे शेतकरी बंधु वेळेवर बदलतात. गिअरपेटीचें मात्र विसरतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरेन्शियल व हायड्रॉलिक लिफ्ट या तिन्हींस एकच तेल असतें. भाताच्या चिखलणींत झिजलेल्या सीलांतून पाणी शिरलें कीं तें दुधाळ होतें, बेअरिंगें गंजतात व ऐन हंगामांत यंत्र अडून बसतें. अशा वेळीं तासांची मुदत भरण्याची वाट पाहूं नये. सपाट जागीं एंजिन बंद करून कोमट तेल सर्व काढावें. बुचास चिकटलेला बारीक कीस पुसावा; मोठे तुकडे आढळल्यास मिस्त्रीस दाखवावें. सील व गाळणी नवीं बसवावीं, नाहीं तर नवें तेलहि नासेल. पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल खुणेपर्यंत भरावें. लिफ्ट कांहीं वेळां वरखालीं करून पातळी पुनः पाहावी. जुनें तेल विहिरीजवळ ओतूं नये, अशी आमची विनंति आहे.