पडद्यावरची काच

संगणकावरील टर्मिनल तुम्ही पाहिले असेल. काळी फळी, तिच्यावर पांढरी अक्षरे. आज्ञा टंकायची नि उत्तर वाचायचे. अनेक टर्मिनलांत ही फळी पारदर्शक करता येते. मग अक्षरांमागे पडद्यावरचे चित्र दिसू लागते. जणू काचच बसवली! पण ही काच खरी आहे का?

खऱ्या काचेतून मागच्या वस्तूचा प्रकाश आरपार येतो. पडद्यावर मात्र मागे काहीच नसते. प्रत्येक चित्रबिंदूला, म्हणजे पिक्सेलला, एका क्षणी एकच रंग दाखवता येतो. तो कोणता, हे संगणक गणिताने ठरवतो.

समजा, काळ्याला ० व पांढऱ्याला २५५ हा अंक दिला. मागच्या चित्राचा उजळ भाग २४० आहे. फळीची अपारदर्शकता ०.७५ ठेवली, तर मिश्रण असे होते :

०.७५ × ० + ०.२५ × २४० = ६०

ही तुमच्या ओळखीची भारित सरासरीच होय! या अपारदर्शकतेच्या अंकाला 'अल्फा' म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल व अॅल्व्ही रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली. १९८४ साली थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर रचण्याचे नियम पद्धतशीरपणे मांडले.

लिनक्सवरील जुनी टर्मिनले मात्र एक युक्ती करीत. पडद्यावरच्या चित्राचा तेवढा तुकडा उचलून ती आपल्याच फळीवर रंगवीत. हे ओळखायचे कसे? टर्मिनलच्या मागे दुसरी खिडकी सरकवा. ती न दिसता चित्रच दिसले, तर पारदर्शकता नकली! खऱ्या पद्धतीत प्रत्येक खिडकी स्मृतीत वेगळी रंगवली जाते आणि मग सर्वांचे मिश्रण पडद्यावर येते.

आता अक्षरांचे काय? ती २५५वरच आहेत असे धरू. अल्फा ०.७५ असता अक्षर व फळी यांतील फरक १९५ येतो, ०.५ असता १३५, तर ०.२ असता अवघा ६३! फरक घटला की टिंब नि स्वल्पविराम यांतही गफलत होते. टर्मिनलमध्ये फाइल पुसण्याची आज्ञा चुकीच्या नावाला गेली, तर ती फाइल बहुधा परत मिळत नाही. म्हणून काच हवीच असेल, तर मागचे चित्र गडद निवडा.

आता सांगा पाहू : मागचे चित्र ४० इतके गडद असेल, तर अल्फा ०.५ असता फरक किती येईल?