महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेतील अयशस्वी स्थापना : तुटलेल्या अवलंबित्वाचे निदान

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील वाहननिर्मिती एका छपराखाली होत नाही. चाकणच्या जुळणी-रांगेवर येणारे असंख्य सुटे भाग भोसरी आणि आसपासच्या लघुउद्योगांत घडतात. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या जागतिक टंचाईमुळे भारतातील अनेक कारखान्यांचे मोटार उत्पादन घटले. इतर भाग उपलब्ध असूनही गाडी पूर्ण होत नव्हती. संगणकीय आज्ञावलीची रचना याच प्रकारची आहे. प्रत्येक पॅकेज इतर पॅकेजांच्या विशिष्ट आवृत्त्यांवर विसंबून असते व ती साखळी अनेक पातळ्यांपर्यंत खाली जाते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या कर्त्याने ‘एनपीएम’ भांडारातून काढून घेतले, तेव्हा जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडली.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी मुक्तस्रोत लिनक्स प्रणालीची शिफारस आहे. त्यामुळे हा प्रश्न या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या दारी नित्य येतो. दोन तासांच्या प्रात्यक्षिकातील पहिला तास स्थापनेतच गेला, तर विद्यार्थी दोष स्वतःच्या आकलनाला देतो. यंत्र ‘फॉरमॅट’ करण्याचा सर्रास योजला जाणारा उपाय बिघाड घालवितो खरा, पण त्याचे कारणही पुसून टाकतो.

सर्वांत फसवा प्रकार ‘लॉक’चा होय. प्रयोगशाळेतील यंत्रे बराच काळ बंद असतात. सत्राच्या आरंभी ती सुरू होताच उबंटू प्रणाली पार्श्वभूमीवर स्वयंचलित अद्ययावतीकरण हाती घेते आणि नेमक्या त्याच वेळी विद्यार्थी स्थापनेची आज्ञा देतो. पॅकेजांची नोंदवही अन्य प्रक्रियेच्या ताब्यात असल्याचा संदेश येतो. येथे थोडा वेळ थांबणे एवढेच पुरेसे असते. लॉकची फाइल बळाने पुसली किंवा मध्येच वीज गेली, तर पॅकेज अर्धवट अवस्थेत राहते आणि पुढची प्रत्येक स्थापना अडखळते. अशा वेळी प्रथम ‘डीपीकेजी’ला प्रलंबित पॅकेजांची मांडणी पूर्ण करण्याची आज्ञा द्यावी, त्यानंतर ‘एपीटी’चा ‘फिक्स-ब्रोकन’ हा पर्याय वापरावा. मात्र कोणती पॅकेजे काढली जाणार आहेत, ती यादी वाचल्याखेरीज होकार देऊ नये. या यादीकडे दुर्लक्ष केल्याने संपूर्ण डेस्कटॉपच नाहीसा होऊ शकतो.

दुसरा प्रकार कालबाह्य आवृत्तीचा. उबंटूच्या अल्पकालीन आवृत्तीला केवळ नऊ महिने आधार मिळतो. त्यानंतर तिचे भांडार जुन्या आवृत्त्यांच्या स्वतंत्र संग्रहात हलविले जाते. ‘४०४’ हा संदेश पाहून जाळ्याच्या जोडणीवर संशय घेतला जातो. वस्तुतः जोडणी ठीक असते, पत्ता बदललेला असतो. म्हणून प्रयोगशाळेसाठी दीर्घकालीन आधाराची आवृत्तीच निवडणे श्रेयस्कर. तिला प्रमाणित आधार पाच वर्षे मिळतो.

पायथॉनच्या बाबतीत गुंतागुंत अधिक आहे. उबंटू २४.०४ मध्ये पायथॉन ३.१२ येते आणि या आवृत्तीतून ‘डिस्टयुटिल्स’ हा जुना भाग वगळण्यात आला आहे. जुन्या प्रयोगपुस्तिकेतील ‘नमपाय’ची आवृत्ती मागितल्यास ‘पिप’ला तयार बांधणी सापडत नाही. ते मूळ संहितेपासून बांधणीचा प्रयत्न करते व पडदाभर त्रुटी उमटतात. शेवटची ओळ केवळ अपयश कळविते. खरे कारण, म्हणजे ‘डिस्टयुटिल्स’ नसल्याचा उल्लेख, बरेच वर दडलेले असते. विद्यार्थ्याला संदेश खालून वर वाचत जाऊन पहिली त्रुटी शोधण्याची सवय लावणे हे अध्यापकाचे काम आहे.

त्याआधीही एक अडथळा येतो. प्रणालीच्या मालकीच्या पायथॉनमध्ये थेट भर घालण्यास ‘पिप’ नकार देते. हा नकार डावलण्याच्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ असे आहे. एवढ्या स्पष्ट शब्दांतील इशारा संगणकविश्वात विरळाच. तरीही तो पर्याय जसाच्या तसा उतरवून घेतला जातो. त्याऐवजी प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र आभासी परिसर, म्हणजे ‘व्हेन्व्ह’, निर्माण करावा आणि सत्रारंभी एका यंत्रावर तपासलेल्या आवृत्त्यांची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये गोठवून सर्व यंत्रांना द्यावी. ही फाइल प्रयोगपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापली, तर परीक्षेच्या दिवशी बहिःस्थ परीक्षकासमोर नवी आवृत्ती अवतरण्याचा प्रसंग टळतो.