पुरवठा-नियोजनाच्या प्रगत प्रणाली आणि उद्योगाची पूर्वसिद्धता

कच्च्या मालाच्या खरेदीपासून तयार माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतच्या व्यवहारांच्या मालिकेस पुरवठा-साखळी ही संज्ञा आता रूढ झाली आहे. या साखळीचे नियोजन व कामांचे वेळापत्रक संगणकाकडून करवून घेणाऱ्या प्रगत प्रणाली अनेक उद्योग स्वीकारीत आहेत. परंतु प्रणाली विकत घेणे निराळे आणि तिच्या वापरास सिद्ध असणे निराळे. ही सिद्धता मुख्यतः यंत्रसामग्रीची नसून, उद्योगाला स्वतःविषयी असलेल्या ज्ञानाची आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

या प्रणालींचे वेगळेपण प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात जोसेफ ऑर्लिकी प्रभृतींनी विकसित केलेल्या सामग्री-गरज नियोजनाच्या पद्धतीत, कोणता सुटा भाग किती व केव्हा लागेल याचा हिशेब तयार मालाच्या मागणीवरून उलट क्रमाने केला जातो. मात्र यंत्रांची क्षमता जणू अमर्याद आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. दोन पाळ्यांत १६ तास चालणाऱ्या यंत्रावर एका दिवशी २० तासांचे काम टाकण्यास त्या पद्धतीत मूळची आडकाठी नाही. प्रगत प्रणाली सामग्री आणि क्षमता यांचा एकत्र विचार करते. जादा ४ तासांचे काम ती दुसऱ्या यंत्राकडे वा दिवसाकडे वळविते आणि खरेदीच्या व पाठवणीच्या तारखाही त्यानुसार बदलते. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिंप्लेक्स रीत हा अशा गणिताचा एक पाया होय.

गणित जितके सूक्ष्म, तितके ते नोंदींच्या सत्यतेवर अवलंबून असते. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना यंत्राची जुळवणी करण्यास ४० मिनिटे लागत असून नोंद १० मिनिटांची असेल, तर सहा जुळवण्यांत तीन तासांची तूट येते. म्हणजे आठ तासांच्या पाळीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ कागदावर उरतो. पूर्वी ही तूट फोरमन अनुभवाने भरून काढी. प्रणालीस तो अनुभव ठाऊक नसतो.

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट-उत्पादक कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तिने जुलै १९९९ मध्ये सॅप, मॅन्युजिस्टिक्स व सीबेल यांच्या प्रणाली एकदम कार्यान्वित केल्या. हॅलोवीनच्या सणाची मागणी तोंडावर आली होती. सुमारे १० कोटी डॉलरांचा माल वेळेवर पोहोचला नाही आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. सणापूर्वी साठा वाढला की मिळेल त्या मोकळ्या जागी माल ठेवण्याचा तेथे प्रघात होता. परंतु त्या जागा नव्या प्रणालीत साठवणीची ठिकाणे म्हणून नोंदविलेल्या नव्हत्या, असे पुढे निदर्शनास आले. माल होता, त्याच्या जागेस नाव नव्हते.

यावरून पूर्वसिद्धतेची अंगे स्पष्ट होतात. पहिले अंग नामकरणाचे. एकच भाग खरेदी-विभागात एका नावाने, स्टोअरमध्ये दुसऱ्या आणि कारखान्यात तिसऱ्या नावाने ओळखला जात असेल, तर संगणकाच्या लेखी ते तीन भाग ठरतात. सळई किलोने विकत घेऊन नगाने दिली जात असेल, तर त्या दोन परिमाणांचा संबंधही निश्चित हवा. दुसरे अंग कालमापनाचे. पुरवठादाराने सांगितलेली मुदत आणि प्रत्यक्ष लागलेला काळ यांतील अंतर जुन्या पावत्यांवरून तपासावे लागते. तिसरे अंग निर्णयाधिकाराचे. विक्री-विभागास त्वरित पुरवठा हवा असतो, उत्पादन-विभागास सलग मोठे उत्पादन आणि अर्थ-विभागास अल्प साठा. यांतील अग्रक्रम व्यवस्थापनाने ठरविला नाही, तर प्रणालीने काढलेले उत्तर प्रत्येकास अमान्य होते. चौथे अंग कसोटीचे. एका उत्पादन-शाखेपुरता जुना व नवा हिशेब काही काळ समांतर चालवावा आणि हंगामाच्या तोंडावर स्थित्यंतर टाळावे.

या सर्वांत कष्टाचे काम पहिल्या दोन अंगांचे आहे. कारण ते ज्ञान फोरमन, स्टोअरकीपर व कारागीर यांच्या स्मरणात अलिखित असते. त्यांना विश्वासात न घेता भरलेली माहिती पूर्ण दिसते, पण खरी नसते. शिवाय वेळापत्रक कोसळल्यावर दोष मात्र त्यांच्याच माथी येतो. तात्पर्य, उद्योगातील हे अव्यक्त ज्ञान सर्वमान्य शब्दांत व मापांत उतरविणे हीच खरी पूर्वसिद्धता होय. प्रणालीची निवड तदनंतरची.